भिलाईची धूळ आणि सरकारी मदतीचा हिशेब

उद्योगांना पर्यावरणाचे कायदे पाळता यावेत यासाठी सरकारने त्यांना मदत करावी काय, हा प्रश्न निघाला की आपल्या चळवळीत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले असे की, अशी प्रत्येक मदत म्हणजे जनतेच्या तिजोरीतून भांडवलदाराच्या खिशात गेलेला पैसा. धूर ज्याने सोडला त्यानेच तो आवरावा. दुसरे उत्तर बहुधा लहान कारखान्यांत संघटना चालविणाऱ्या कॉम्रेड्सकडून येते. कायदा कडक झाला तर मालक टाळे लावील आणि कामगारांच्या चुली विझतील. तेव्हा मिळेल ती मदत मालकाला मिळू द्यावी आणि पुढचे विचारू नये, असे ते म्हणतात. पहिल्या उत्तरामागे लुटीविषयीचा रास्त संताप आहे आणि दुसऱ्यामागे रोजगाराची रास्त चिंता आहे. परंतु दोन्ही उत्तरांतून एकच प्रश्न निसटलेला आहे. मदत दिल्यानंतर धूर कमी झाला काय? झाला असल्यास किती? आणि तो कमी झाला असे सांगणारा माणूस कोणाचा पगार घेतो?

वरवर पाहता हे काम हिशेबनिसाचे वाटते. प्रत्यक्षात सार्वजनिक पैसा कोणत्या वर्गासाठी वापरला गेला, हे ठरविण्याची दुसरी कोणतीही कसोटी नाही. म्हणून या अंकात त्याचा विचार आम्ही थोड्या विस्ताराने करीत आहोत.

भिलाईच का?

या विचारासाठी भिलाईइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे त्या काळी पोलादाच्या कामासाठी भिलाईत गेली आणि तिथलीच झाली. दहा लाख टन क्षमतेपासून सुरू झालेला हा कारखाना पुढे पंचवीस लाख, चाळीस लाख आणि अलीकडच्या विस्तारानंतर सत्तर लाख टनांच्या टप्प्यापर्यंत आला. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिजावर तो उभा राहिला, आणि देशाच्या रेल्वेचे रूळ त्याने घडविले.

या सार्वजनिक कारखान्याच्या सावलीत खाजगी उद्योगांची दाट वस्ती वाढली. भिलाईच्या औद्योगिक क्षेत्रातील अभियांत्रिकी कारखाने, ओतशाळा आणि रोलिंग मिल. जामूलचा सिमेंट कारखाना. आणि रायपूरच्या बाजूला उरला व सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या भट्ट्या. २००० साली छत्तीसगढ राज्य झाल्यानंतर या पट्ट्याची वाढ आणखी वेगाने झाली. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगरची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोरबा व रायपूर यांच्यासह भिलाईही होते. विराट सार्वजनिक कारखाना आणि शेकडो लहान खाजगी कारखाने एकाच आकाशाखाली असल्यामुळे मदतीचा प्रश्न येथे त्याच्या सर्व रूपांत उभा राहतो.

मदतीची चार रूपे

"मदत" हा शब्द सरकारी भाषेत फार सैल वापरला जातो. त्याच्या पोटात निदान चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय मोजमापाची चर्चा पुढे जात नाही.

पहिली मदत पैशाची: प्रदूषण रोखणारी यंत्रसामग्री घेण्यासाठी अनुदान, स्वस्त कर्ज, व्याजात सूट. दुसरी मदत ज्ञानाची: सल्लागार पाठविणे, प्रशिक्षण वर्ग, प्रमाणपत्रे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये नव्याने मांडलेल्या "झेड" योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चापैकी ८० टक्के भाग सूक्ष्म उद्योगाला, ६० टक्के लघु उद्योगाला आणि ५० टक्के मध्यम उद्योगाला सरकार देते. तिसरी मदत सवलतीची: मुदतवाढ, कमी तपासण्या, मालकाच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर विश्वास. चौथी मदत शिक्षेच्या माफीची. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतील तुरुंगवासाच्या अनेक तरतुदी काढून त्यांच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. २०२४ मध्ये पाणी कायद्याच्या बाबतीत हेच झाले. हे पाणी, हवा आणि पर्यावरण यांविषयीचे कायदे अनुक्रमे १९७४, १९८१ आणि १९८६ चे. त्यांपैकी शेवटचा तर भोपाळच्या हजारो प्रेतांवरून उभा राहिला होता. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला पंधरा लाखांचा दंड हा यंत्र बसविण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो, हे कळायला अर्थशास्त्री लागत नाही.

पहिल्या दोन प्रकारांना मदत म्हणता येईल. उरलेले दोन प्रकार बंधन सैल करण्याचे आहेत. परंतु सरकारच्या अहवालात चारही एकाच ओळीत बसतात, आणि यशाचा पुरावा म्हणून काय दिले जाते? किती कोटी वाटले, किती प्रमाणपत्रे दिली, किती शिबिरे भरली आणि उद्योग चालविणे किती "सुलभ" झाले. धुराड्यातून काय बाहेर पडले, याचा रकाना त्या तक्त्यात शोधूनही सापडत नाही.

यंत्र बसले, पण चालले काय?

केवळ खर्च मोजला की काय होते, याचा धडा देशाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या बाबतीत घेतलेला आहे. लहान कारखान्याला स्वतःचे केंद्र परवडत नाही, तेव्हा औद्योगिक वसाहतीतील सर्वांनी मिळून एक केंद्र उभारावे आणि सरकारने हातभार लावावा, ही कल्पना मुळात चांगली होती. १९९१ पासूनच्या योजनेत खर्चाचा चौथा हिस्सा केंद्राने, चौथा हिस्सा राज्याने, तीस टक्के कर्जातून आणि केवळ वीस टक्के उद्योजकांनी उचलायचा होता. गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या राज्यांत अशी केंद्रे उभी राहिली. उद्घाटने झाली, संगमरवरी पाट्या लागल्या. २००५ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा ७८ केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या मूलभूत मानकांत बसणारी केंद्रे निघाली २०, आणि विरघळलेल्या क्षारांसह सर्व मानके पाळणारी केवळ ५.

पैसा पूर्णपणे वाया गेला असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु यंत्र उभारणे आणि यंत्र चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. उभारणीसाठी अनुदान मिळते, म्हणून उभारणी होते. चालविण्यासाठी वीज, रसायने आणि माणसे लागतात आणि त्यांचा खर्च दररोज मालकाच्या नफ्यातून जातो. स्पंज आयर्नच्या भट्टीवरील धूळ पकडणारे विद्युत यंत्र, ज्याला कामगार "ईएसपी" म्हणतात, ते रात्री बंद ठेवले जाते ही त्या पट्ट्यातील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. सकाळी अंगणातल्या तुळशीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली काळी पूड हा त्यांचा पुरावा असतो. अनुदानाच्या फायलीत मात्र ते यंत्र "बसविले" अशीच नोंद राहते.

मोजण्याची जागा चुकली की खर्चाची दिशाही चुकते. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या खर्चाचा आढावा दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरील धूळ आवरण्यासाठी गेला असल्याचे दिसले. उद्योगांच्या प्रदूषणासाठी गेला ०.६१ टक्का. रस्ता झाडणे आणि पाणी फवारणे यांना आमचा विरोध नाही. पण धुराड्याकडे पाठ करून रस्ता झाडत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली बसून रोज जमीन पुसण्यासारखे आहे.

मोजणारा कोणाचा?

येथे दुसरा प्रश्न येतो. मोजमाप करावे असे ठरले, तरी ते कोणी करायचे?

गुजरातमध्ये बराच काळ अशी पद्धत होती की मोठ्या प्रदूषक कारखान्यांची वार्षिक तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाने करायची; मात्र तो परीक्षक निवडायचा कारखानदाराने आणि त्याचे पैसेही कारखानदारानेच द्यायचे. २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने राज्याच्या प्रदूषण मंडळाबरोबर ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीने झालेल्या तपासण्यांत, धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने केवळ ७ टक्के असल्याचे अहवाल म्हणत होते. स्वतंत्र मोजणीत ते ५९ टक्के निघाले. परीक्षकांचे बरेच आकडे मर्यादेच्या जरासे खाली, अगदी हिशेबाने आणून ठेवलेले होते. मग निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमला, त्याचे मानधन मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले, आणि त्याच्या काही मोजण्या पुन्हा तपासल्या. खोटे "निर्दोष" दाखले सुमारे ८० टक्क्यांनी घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केले.

मार्क्सवाद्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याच्या हिताचे सत्य माणसाला दिसू लागते. पण या प्रयोगाचे मोल असे की एरवी आपण जे तत्त्व म्हणून सांगतो, ते त्याने आकड्यांनी दाखवून दिले, आणि उपायही दाखविला. तेथीलच दुसऱ्या एका प्रयोगात तपासण्यांची संख्या वाढविली, तेव्हा सरासरी प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. म्हणजे निरीक्षक अधिक वेळा आला एवढ्याने भागत नाही. तो काय पाहतो, कोणाला उत्तर देतो आणि पाहिल्यानंतर पुढे काय होते यावर सारे अवलंबून आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम अधिसूचित केले आणि नोंदणीकृत खाजगी परीक्षकांना तपासणीच्या कामात आणले. देशातील प्रदूषण मंडळांत मंजूर पदांपैकी सुमारे निम्मी पदे रिकामी असल्याचे २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणापुढे आले होते. ती भरण्याऐवजी खाजगी परीक्षकांकडे वळण्याच्या या धोरणाला आपला विरोध आहेच. परंतु नियम अस्तित्वात आहेत तोवर प्रत्येक राज्यात एक साधा प्रश्न आपण विचारत राहिले पाहिजे: परीक्षकाचे मानधन कोणाच्या हातून जाते?

कशाशी तुलना?

समजा मोजणारा प्रामाणिक आहे. तरीही "मदतीनंतर धूर घटला" एवढ्यावरून मदतीमुळे घटला असे सिद्ध होत नाही. पावसाळ्यात हवा आपोआप धुतली जाते, हिवाळ्यात धूळ खाली दबून राहते. बाजारात पोलादाला उठाव नसला की भट्ट्या थंड पडतात. २०२० च्या टाळेबंदीत देशभर आकाश निळे झाले. ती काही कोणत्या अनुदानाची करामत नव्हती, आणि त्या निळाईची किंमत पायी गावाकडे निघालेल्या मजुरांनी मोजली.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. प्रशिक्षणाला आणि प्रमाणपत्राला आपण होऊन पुढे येणारे कारखाने बहुधा आधीपासूनच बरे असतात. त्यांची तुलना न आलेल्या कारखान्यांशी केली तर मदत फार यशस्वी दिसते, आणि ज्यांचा धूर सर्वांत काळा आहे ते मोजणीच्या बाहेरच राहतात.

यावरचा उपाय अवघड नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९७ च्या सुमारास ड्रायक्लीनिंगची दुकाने, छायाचित्रे धुणारे उद्योग आणि छापखाने यांच्यासाठी एक योजना चालविली. मार्गदर्शन देण्यापूर्वी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दुकानांची तपासणी केली. मग सर्वांना मार्गदर्शन देऊन मालकांकडून लेखी हमी घेतली. आणि नंतर पुन्हा चिठ्ठ्या टाकून तपासणी केली. आधीची स्थिती माहीत, नंतरची स्थिती माहीत, आणि कोणाला तपासायचे हे मालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात एका राज्याला जे जमते ते छत्तीसगढला किंवा महाराष्ट्राला का जमू नये? अनुदानाचा निधी जर पहिल्या वर्षी निम्म्याच अर्जदारांना पुरणार असेल, तर वशिल्याऐवजी सोडत काढावी. दुसऱ्या वर्षाची वाट पाहणारे कारखाने आपोआप तुलनेचा गट होतात, आणि पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा नंबर पहिला लागत नाही, हा वरचा लाभ.

टनामागे की एकूण?

मोजपट्टीतच खोट असू शकते. पोलाद उद्योगाचे आकडे बहुधा "दर टनामागे" दिले जातात. एक काल्पनिक हिशेब करून पाहावा. चाळीस लाख टनांवरून सत्तर लाख टनांवर जाताना एखाद्या कारखान्याने दर टनामागची धूळ तीस टक्क्यांनी कमी केली, तर अहवालात ती कामगिरी म्हणून झळकेल आणि अभियंत्यांचे कौतुक करणेही योग्यच ठरेल. पण एकूण धूळ साडेबावीस टक्क्यांनी वाढलेली असेल. माणूस श्वास घेतो तो एकूण हवेत, टनामागे घेत नाही. सुरतेत २०१९ पासून कापडगिरण्या व इतर कारखान्यांच्या एकूण धुळीवर मर्यादा घालून आणि धुराड्यावर सतत चालणारी मापक यंत्रे लावून ३१७ कारखान्यांत जो प्रयोग झाला, त्यात धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. प्रदूषणाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करण्याच्या त्या पद्धतीविषयी आमचे मूलभूत आक्षेप आहेत. परंतु एकूण मर्यादा आणि सततची मोजणी या दोन गोष्टींसाठी बाजाराची गरज नाही, आणि त्या सार्वजनिक नियोजनाला अधिक शोभतात.

आणि पट्टीच बदलून टाकली तर? औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील गंधकाविषयी डिसेंबर २०१५ मध्ये मानके ठरली आणि दोन वर्षांची मुदत दिली गेली. मग मुदतीमागून मुदत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. कायदा पाळणाऱ्यांचे प्रमाण एका रात्रीत वाढले. हवेतील गंधक होता तेवढाच राहिला.

सार्वजनिक क्षेत्रही हिशेबाला बांधील

भिलाईचा पोलाद कारखाना ही जनतेची मालमत्ता आहे, आणि खाजगीकरणाच्या प्रत्येक डावाविरुद्ध आपण तिचे रक्षण करू. नेमके म्हणूनच तिच्या धुराचा हिशेब मागण्याचा आपला हक्क अधिक मोठा आहे. जून २०१४ मध्ये झोतभट्टीच्या वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक भट्टीच्या वायुवाहिनीला लागलेल्या आगीत दहाहून अधिक कामगार दगावले. कामगाराची सुरक्षा आणि गावाची हवा हे दोन वेगळे विषय नाहीत. जो वायू आत मारतो तोच बाहेर पसरतो.

कोक भट्टीचे उदाहरण घ्या. तिच्या मानकांत एक मोजमाप असे आहे की एकूण दारांपैकी किती टक्के दारांतून धूर गळतो. जुन्या भट्टीसाठी ही मर्यादा दहा टक्के आणि नव्या भट्टीसाठी पाच टक्के आहे. हे मोजायला परदेशी उपकरण लागत नाही. भट्टीवर काम करणारा कोणताही कामगार ती दारे मोजू शकतो. किंबहुना त्या धुरातील कर्करोगकारक द्रव्ये प्रथम त्याच्याच छातीत जातात, वस्तीत नंतर पोचतात. तरीही नोंदवहीवर सही करण्याचा अधिकार त्याला नाही. केंद्रीय मंडळाने २०१४ पासून अत्यंत प्रदूषक उद्योगांच्या धुराड्यांवर सतत चालणारी मापक यंत्रे बंधनकारक केली. पण यंत्राचा आकडा खरा की खोटा हे सांगू शकणारा माणूस भट्टीवर उभा असूनही त्याला कोणी विचारत नाही.

आणि त्याने बोलावे तरी कसे? आज पोलाद नगरीतील कामाचा मोठा भाग ठेकेदारी मजूर करतात. आज धुराविषयी बोललेला ठेकेदारी कामगार उद्या फाटकाबाहेर असतो. १९९० नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कामगार जेव्हा जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी मागत उठले, तेव्हा २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात सोळा कामगार पडले. नोकरीची शाश्वती हा केवळ वेतनाचा प्रश्न नाही, प्रामाणिक मोजमापाची ती पहिली अट आहे. ज्याला काढून टाकता येते त्याची साक्ष विकत घेता येते किंवा दाबता येते.

लहान कारखाना आणि कामगाराची भाकरी

आता सुरुवातीच्या दुसऱ्या उत्तराकडे वळू, कारण ते सोडून दिले तर ही सारी चर्चा पोकळ ठरेल. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीतील १६८ धोकादायक कारखाने बंद झाले. दिल्लीची हवा स्वच्छ व्हावी याबद्दल दुमत नव्हते. पण सफाईचे बिल हजारो कामगारांच्या घरी गेले. न्यायालयाने भरपाई ठरविली, तरी ती मिळविण्यासाठी मजुरांना वणवण करावी लागली. मालकांच्या हाती जमिनी राहिल्या. तेव्हा लहान कारखान्याला मदत नाकारणे ही क्रांतिकारक भूमिका नव्हे. मदत नाकारली तर किंमत कामगार देतो. मदत देऊन हिशेब सोडला तर किंमत कामगारच देतो, मात्र फुप्फुसांनी.

मदत कोणत्या प्रकारची हवी, हेही मोजमापानेच कळते. २००४ मध्ये पोलाद मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी लहान रोलिंग मिलमधील इंधन वाचविण्याचा प्रकल्प हाती घेतला. तापविण्याच्या भट्ट्या सुधारल्या की इंधन वाचते, आणि वाचलेला पैसा मालकालाच मिळतो. तेथे चांगला सल्ला आणि स्वस्त कर्ज पुरते. धूळ पकडणाऱ्या यंत्राचे तसे नाही. पकडलेली धूळ मालकाला काही देत नाही, उलट विजेचे बिल वाढविते. तेथे सल्ला आणि प्रमाणपत्र वाया जाते. अनुदान द्यायचे तर ते यंत्र चालल्याच्या अटीवरच, आणि पाठीशी कायद्याचा दंडुका हवाच. या दोन गोष्टींतील फरक न ओळखणारी योजना पहिल्या प्रकारातील यश दाखवून दुसऱ्या प्रकारातील अपयश झाकते.

आपल्या मागण्या

१ नोव्हेंबर २०२४ पासून छत्तीसगढचे नवे औद्योगिक धोरण लागू आहे. व्याज अनुदान आणि विद्युत शुल्कातील सूट यांसारख्या सवलती त्यात आहेत. इतर राज्यांतही अशीच धोरणे आहेत. त्या प्रत्येकाच्या संदर्भात पुढील मागण्या आपण मांडाव्यात, असे आम्ही सुचवितो.

एक, मदत देण्यापूर्वी त्या कारखान्याचा धूर, धूळ आणि सांडपाणी यांची स्वतंत्र मोजणी व्हावी आणि ती जाहीर व्हावी. मूळ नोंद नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

दोन, अनुदान हप्त्यांनी द्यावे. मोठा हप्ता यंत्र बसविल्यावर न देता ते वर्षभर चालल्याचे सिद्ध झाल्यावर द्यावा. प्रदूषण रोखणाऱ्या यंत्राला विजेचा वेगळा मीटर असावा. रात्री यंत्र चालले की नाही हे तो मीटर खोटे न बोलता सांगतो.

तीन, मोजणारा सरकारी असो की खाजगी, त्याची नेमणूक सोडतीने व्हावी आणि मानधन सार्वजनिक निधीतून मिळावे. प्रदूषण मंडळांतील रिकामी पदे तातडीने भरावीत.

चार, दर टनाचा आणि एकूण असे दोन्ही आकडे कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या भाषेत लावावेत. भिलाईत ती भाषा हिंदी आणि छत्तीसगढी आहे, चंद्रपुरात आणि तारापुरात मराठी.

पाच, मोजणीच्या वेळी संघटनेचा आणि वस्तीचा प्रतिनिधी हजर असावा, त्यांना नोंदवहीवर आपले मत लिहिण्याचा हक्क असावा, आणि प्रदूषणाची माहिती देणाऱ्या कामगाराला, मग तो ठेकेदारीवरचा का असेना, कामावरून काढण्यास मनाई असावी.

सहा, मदत घेऊनही जो मालक कायदा पाळत नाही त्याच्याकडून ती व्याजासह वसूल करावी. कारखाना बंद ठेवावा लागला तर त्या काळातील पूर्ण वेतन मालकाने द्यावे. दंडाचा भार मजुरीवर पडता कामा नये.

या मागण्यांत अशक्य असे काहीही नाही. त्यांपैकी काही गोष्टी देशात कोठे ना कोठे करून पाहिलेल्या आहेत. मग त्या सार्वत्रिक का होत नाहीत? कारण मोजले की दिसते, आणि दिसले की उत्तर द्यावे लागते. अनुदान घेणारा मालक, ते वाटणारा मंत्री आणि त्यावर शेरा मारणारा अधिकारी या तिघांनाही न मोजण्यातच सोय आहे. गैरसोय आहे ती भट्टीवर उभ्या कामगाराची आणि धुराड्याच्या सावलीत मुले वाढविणाऱ्या बाईची.

म्हणून हे काम केवळ संसदेतील प्रश्नांवर सोपवून चालणार नाही. प्रत्येक औद्योगिक क्षेत्रातील आपल्या शाखेने एक साधी वही सुरू करावी: कोणत्या कारखान्याला कोणती मदत मिळाली, कोणते यंत्र बसले, ते कोणत्या पाळीत चालते आणि कोणत्या पाळीत बंद असते. माहिती अधिकाराचा अर्ज करून मंडळाचे आकडे मिळवावेत आणि वहीतील नोंदींशी ताडून पाहावेत. भिलाईच्या रुळांवरून देशाच्या गाड्या धावतात. ते रूळ घडविणाऱ्या हातांना आपल्या श्वासाचा हिशेब ठेवता येत नाही असे कोणी म्हणू नये, आणि तो ठेवण्याचा अधिकार कोणी देईल याची वाटही पाहू नये. वही आजच उघडावी.